उंबराची तहान

बालाघाटाच्या उतारावर शेलवंडी नावाचे एक गाव आहे. गावाला नदी नाही. एक ओढा आहे, तोही पावसाळ्यापुरता. गावाबाहेर माळाच्या कडेला कांबळीनाथ महाराज राहत असत. भर उन्हाळ्यातही त्यांच्या खांद्यावर काळे कांबळे असे, त्यावरून लोकांनी हे नाव ठेवले. मूळ नाव काय होते ते कोणी विचारले नाही आणि महाराजांनीही सांगितले नाही. त्यांचा मठ म्हणजे कोठीची एक खोली, एक मोठी चूल आणि अंगणातला जुना उंबर. महाराजांचे आसन उंबराखाली, रोजची पंगतही उंबराखालीच. येईल त्याने बसावे, जेवावे आणि जावे, एवढाच मठाचा नियम होता.

या पंगतीची भांडी साळूबाई घाशीत असे. मागच्या एका दुष्काळात ती खालच्या मुलखातून आली होती. बरोबर निघालेली माणसे वाटेतच गेली. ही एकटी मठापर्यंत पोहोचली. महाराजांनी तिला उंबराच्या सावलीत बसवून भाकरी वाढली. जेवून झाल्यावर ती म्हणाली, फुकटचे खाल्लेले मला पचायचे नाही, काहीतरी काम सांगा. महाराजांनी खरकट्या भांड्यांकडे बोट दाखवले. तेव्हापासून तेच तिचे घर आणि तीच तिची पूजा.

अंगणाच्या पूर्वेच्या टोकाला, उंबराची शेवटची फांदी जिथे संपते तिथे, ती भांडी घेऊन बसे. आधी कोरड्या राखेने घासायचे, मग थोडक्या पाण्यात विसळायचे आणि ते राखाडी पाणी तिथेच जमिनीवर ओतायचे, अशी तिची रीत होती. ओतताना ती दर वेळी म्हणे, "घे बाबा. तुझ्या सावलीत जेवले, तूबी जेव."

पंगतीतल्या लोकांना याची गंमत वाटे. "साळूआक्का, उंबराला आमटी पाजतीस, तर भाकर बी कुस्कर की तीत," असे कोणी म्हणे. दुसरा म्हणे, "यंदाची उंबरं तिखट निघनार बघा." साळूबाई हसून पुढचे पातेले ओढी.

एका वर्षी महाराज उत्तरेच्या यात्रेला निघाले. ते गेले आणि त्या साली पाऊस झाला नाही. पुढच्या सालीही झाला नाही.

गावात त्र्यंबकराव देशमुख म्हणून एक मोठे गृहस्थ होते. ते वाईट नव्हते. देवधर्म करीत, मठात धान्यही धाडीत. मात्र गावात कोणतीही सेवा आपल्या हाताखेरीज घडते हे त्यांना सोसत नसे. महाराज परत येतील तेव्हा त्यांना बसायला शोभेसे काही असावे म्हणून त्यांनी उंबराभोवती दगडी पार बांधवला. पायासाठी खोल चर खणला. आडव्या आलेल्या मुळ्या कुऱ्हाडीने तोडल्या. वर घडीव चिरे चुन्यात बसवले, ते बुंध्याला अगदी भिडवले. मग दर गुरुवारी त्यांच्या मळ्यातल्या विहिरीचे पाणी तांब्याच्या हंड्यांतून बैलगाडीवर येई. ते मंत्र म्हणत उंबराच्या बुंध्यावर घालत. पाणी खोडावरून घसरे, चिऱ्यांवर पसरे आणि थोड्या वेळाने पार पुन्हा कोरडा पडे. लोक म्हणत, एवढ्या टंचाईतही देशमुख देवाचे झाड विसरले नाहीत.

तरी उंबर वाळू लागला. पहिल्या साली त्याची पाने लहान आली आणि लवकर गळली. दुसऱ्या साली शेंड्याची पाने कडांनी करपली, मग शेंडा उघडा पडला. फांद्या एकेक करून वरून खाली कोरड्या होत आल्या. शेवटी भुंगेऱ्यांनी साल पोखरली आणि पारावर बारीक भुसा पडू लागला.

आता त्या भागात एक समजूत अशी की उंबराखाली पाणी असतेच. विहीर खणायची तर लोक आधी उंबर शोधतात. त्यामुळे उंबर तहानेने मरत असेल हे कोणाच्या मनातच येईना. देशमुख चारचौघांत म्हणाले, पाण्यावर बसलेले झाड पाण्यावाचून कसे वाळेल? याला विटाळ झाला आहे. दत्ताच्या झाडाला रोज खरकटे पाजले, दुसरे काय होणार? लोकांना ते पटले. साळूबाईला तिथे बसण्याची मनाई झाली. कोठीच्या मागे भांडी घासायची आणि पाणी अंगणात आणायचे नाही, असे तिला बजावले. महाराज आले की हिला मठातून काढायला सांगतो, असेही देशमुखांनी बोलून ठेवले.

साळूबाईने वाद घातला नाही. खरे तर तिलाही तसेच वाटू लागले होते. ज्याच्या सावलीत पहिली भाकरी खाल्ली, त्यालाच आपण मारले की काय, या विचाराने तिचे जेवण तुटले.

चैत्र संपता संपता महाराज परतले. भर दुपारची वेळ होती. सावली म्हणावी अशी उंबराखाली उरली नव्हती, फांद्यांच्या रेघा तेवढ्या जमिनीवर पडल्या होत्या. सारे गाव दर्शनाला जमले. देशमुख गाडीवर हंडे घेऊन आले होते. त्यांनी हात जोडून पाराकडे बोट दाखवले.

"आपल्यासाठीच बांधलाय, महाराज. वर बसावं."

"खाली बरं आहे," महाराज म्हणाले आणि त्यांनी कांबळे जमिनीवर अंथरले.

देशमुखांनी मग सगळी हकीकत सांगितली. विटाळाचे सांगितले, आणि या बाईला मठात ठेवू नये हेही सांगितले. महाराजांनी ऐकून घेतले. साळूबाई कोठीच्या दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. महाराजांनी तिला विचारले, "साळूबाई, झाड तू मारलंस?"

"ठावं न्हाई, महाराज," ती म्हणाली. "समदी म्हनत्यात, तर मारलं आसंल. पर मला हाकलू नगा. मला दुसरी जागा न्हाई."

महाराज उठले. पारावर चढले आणि त्यांनी उंबराच्या खोडाला कान लावला. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग ते म्हणाले, "त्र्यंबकराव, इकडे या. ऐका."

देशमुख हसले. "झाड काय बोलतं का, महाराज?"

"बोलत नाही. तुटतंय."

देशमुखांनी मान राखायचा म्हणून कान लावला. आधी काहीच ऐकू येईना. मग आत, फार खोल, वाळली काडी मोडावी तसा बारीकसा आवाज झाला. थोड्या वेळाने आणखी एक झाला.

महाराजांनी तेव्हा जे सांगितले ते लोकांनी पुढे बरीच वर्षे एकमेकांना सांगितले. ते म्हणाले की झाडातले पाणी म्हणजे मुळापासून पानापर्यंत ताणलेले दोरे असतात. पान वरून ओढते, माती खालून देते. माती देईनाशी झाली की दोरे ताणत जातात. झाड शहाणे असते, ते पानांची तोंडे मिटून घेते, म्हणजे आतले पाणी बाहेर जाऊ नये. पण त्याच तोंडांनी ते जेवतेही. म्हणून तहान आवरावी तर उपास घडतो, आणि उपास सोडावा तर तहान मारते. असे किती दिवस काढणार? एखाद्या दुपारी एक दोरा तुटतो, त्या जागी वारा शिरतो. मग दुसरा तुटतो. तुटलेल्या दोऱ्यांपलीकडची फांदी वाळते. अंगातले बळ गेले की भुंगेरे येतात.

"भुंगेरे सगळ्यांच्या शेवटी येतात," महाराज म्हणाले, "आणि नाव त्यांच्यावर जातं."

देशमुखांनी खोडावरून कान काढला. त्यांना काही बोलायचे होते, पण घसा कोरडा पडला होता. त्यांनी खाकरून पाहिले, गड्याला पाण्याची खूण केली. गड्याने हंड्यातून कळशी भरून दिली. देशमुख गटागटा प्याले. ओठ तसेच कोरडे. दुसरी कळशी प्याले. पाणी पोटात जात होते, पोट तडतडू लागले होते, पण घशाला ते लागतच नव्हते. जीभ टाळूला चिकटली. तोंडावर पाणी मारले, डोक्यावर ओतले, ते अंगावरून निथळून चिऱ्यांवर गेले. देशमुख पारावर खाली बसले. त्यांचे डोळे फिरायला लागले तसे लोक घाबरले. कोणी वैद्याला आणायला धावले.

महाराज मात्र शांत होते. ते म्हणाले, "पाणी कमी नाही. तोंडाला लागत नाही, इतकंच." मग ते साळूबाईकडे वळले. "आज भांडी घासलीस?"

"व्हय, महाराज."

"पाणी कुठे टाकलंस?"

ती घुटमळली. "टाकलं न्हाई. मागं फुटक्या माठात हाय. माळावर फेकाया निघाले, पर हात हुईना."

"आण. आणि नेहमी ओतायचीस तिथं ओत."

साळूबाईने माठ आणला. त्यात आमटीच्या पातेल्याचे, राख मिसळलेले, करडे पाणी होते. ती पूर्वेच्या टोकाला जाऊन उभी राहिली, पण तिला ओतवेना. ज्यांनी मनाई केली होती ते समोरच बसले होते. तिने देशमुखांकडे पाहिले.

"धनी, ओतू?"

देशमुखांना बोलता येत नव्हते. त्यांनी दोन्ही हात जोडले.

साळूबाईने माठ कलता केला. "घे बाबा," ती हळूच म्हणाली. पुढचे शब्द तिला आठवले नाहीत. पाणी जमिनीवर पडले, क्षणभर चकाकले आणि भेगांतून आत गेले.

आणि काय नवल! तिकडे पारावर देशमुखांचा घसा हलला. तोंडात थेंब नसताना त्यांनी एक घोट गिळला. मग आणखी एक. साळूबाईच्या माठातून पाणी पडत होते आणि दूर बसलेला माणूस ते घोट घोट पीत होता, हे साऱ्या गावाने पाहिले. पुढे देशमुख स्वतः सांगत की त्या वेळी त्यांच्या जिभेवर आमटीच्या मिठाची आणि राखेची चव आली होती, आणि तसे गोड पाणी त्यांनी जन्मात प्यायले नव्हते.

माठ रिकामा झाला. देशमुखांना आवाज फुटला. "अजून," ते म्हणाले.

"गाडीवर हंडे आहेत," महाराज म्हणाले. "पण उंबराचं तोंड बुंध्याशी नसतं, लांब गेलेल्या मुळ्यांच्या टोकाशी असतं. ते कुठे आहे ते आता तुम्हाला कळलंय. तुम्हीच पाजा."

देशमुखांनी गड्याला हात लावू दिला नाही. त्यांनी स्वतः हंडा उचलला, अडखळत पूर्वेच्या टोकापर्यंत नेला आणि साळूबाईच्या जागेवर रिता केला. तेव्हा कोठे त्यांची तहान भागली. तिथे उभे असताना त्यांनी वर पाहिले. सगळा उंबर काळा, उघडा होता, पण त्या जागेच्या नेमकी वर आलेली एक फांदी अजून जिवंत होती. तिच्या टोकाला पाने होती. महिनाभराच्या मनाईने ती माना टाकून होती, पण हिरवी होती. पारावरून ती दिसत नसे आणि तिच्याखाली बसणारी साळूबाई मान खाली घालून भांडीच पाहत असे, म्हणून ती आजवर कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

देशमुखांनी विचारले, "महाराज, आता उंबर वाचेल ना?"

"जे दोरे तुटले ते जुळत नाहीत, त्र्यंबकराव. शेंडा गेला. त्या बाजूच्या फांद्याही गेल्या. उरलंय ते हिच्या खरकट्यावर उरलंय."

तसेच झाले. महाराजांनी ते झाड पूर्ववत केले नाही. त्यांनी तसे का केले नसावे, याबद्दल भक्तांत निरनिराळी मते आहेत. उंबराचा मोठा भाग वाळून गेला आणि पुढे यथाकाल चुलीत गेला. पूर्वेची फांदी जगली, आज तिथे जे झाड आहे ते तिचेच वाढलेले आहे. ते एका अंगाला कललेले आहे. नवा माणूस विचारतो, झाड असे का, तेव्हा ही कथा सांगतात. पारही तिथे नाही. त्याचे चिरे देशमुखांनी उकलून काढवले. त्यांतला एक साळूबाईला भांडी घासायला दिला, आणि तो ती म्हातारी होईपर्यंत गुळगुळीत झाला होता.

हे सारे नंतरचे. त्या दुपारी मात्र महाराजांचे शब्द ऐकून देशमुख महाराजांच्या पायांकडे वळले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि ओल्या जमिनीकडे पाहिले. देशमुख समजले. फेटा काढून त्यांनी बाजूला ठेवला, आणि साळूबाई जिथे रोज बसत असे त्या चिखलात गुडघे टेकून त्यांनी कपाळ जमिनीला लावले. साळूबाई घाबरून मागे सरली. "आसं नगा करू, धनी," ती म्हणत होती.

ते उठले तेव्हा त्यांच्या कपाळावर राखेचा ओला पट्टा उमटला होता, शिवाच्या देवळातून आल्यासारखा. त्यांनी तो पुसला नाही. पंगत बसली तेव्हा ते तसेच सगळ्यांबरोबर जमिनीवर जेवायला बसले, आणि जेवून झाल्यावर आपले ताट आपणच उचलून साळूबाईपुढे नेऊन ठेवले.