गुंजांच्या वाटेनं आलेलं हरीण

एकदा काय झालं, एका म्हातारीच्या अंगणात जखमी हरीण येऊन बसलं. थांबा, हरणाकडे येतेच मी. आधी म्हातारी कशी होती ते ऐका, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

तिचं नाव गोजराबाई. रानाच्या कडेला एकटी राहायची, बांबू चिरून सुपं आणि टोपल्या विणायची. हातात मोठी कला, पण स्वभाव भारी संशयी, बरं का. दूध आलं की आधी मांजरीला पाजायची. मांजर तासभर धड राहिली, की मग स्वतः प्यायची. कुणी गोड बोललं की ती दोन पावलं मागं सरायची. शेजारच्या तुळाजीनं एकदा तिला पाच आंबे दिले. तिनं एकेक चिरून, हुंगून, उन्हात धरून बघितला. आंबे चांगले निघाले, तर तिचा संशय आणखीच वाढला. हा चांगले आंबे कशाला देतोय?

तर अशा बाईच्या अंगणात एका सकाळी हरीण आलं. डाव्या मांडीत बाण रुतलेला. धापा टाकत आलं आणि बांबूंच्या ढिगाशी बसलं.

गोजराबाईला वाटलं, हा कुणाचा तरी डाव आहे. कुणीतरी मुद्दाम जखमी हरीण माझ्या दारात हाकललं, म्हणजे चोरीची शिकार म्हणून मला धरतील. तिनं काठी उचलली. "हुश्श, ऊठ, चल निघ." हरीण उठेना. तिनं काठी आपटली. हरणानं नुसती मान वळवून तिच्याकडे बघितलं, आणि मग थकून डोळे मिटून घेतले.

म्हातारीचा हात खाली आला. मग काठी ठेवली, पाणी आणलं, बाण हळूच उपसून काढला. दगडीपाला चुरून जखमेत भरला, वर हळद दाबली, फडकं बांधलं. हरणाला ओढत पडवीत नेलं आणि अंगावर गोधडी टाकली. नुसतं तोंड तेवढं बाहेर.

मग ती दाराशी आली आणि बघते तर काय? अंगणापासून थेट रानापर्यंत गुंजाच गुंजा. आसपास कुठे वेल नाही, शेंग नाही, आणि मातीत लालभडक गुंजा पडलेल्या. गुंजेला तो काळा डोळा असतो ना, सगळ्या जणी तो वर करून तिच्याकडे बघतायत. तिनं एक उचलली. गरम होती.

तेव्हा तिला कळलं. जिथे जिथे हरणाचं रक्त सांडलं, तिथे तिथे गुंज झाली होती. हे काही साधं हरीण नव्हे. आणि ही वाट धरून कोणीही सरळ आपल्या दारात येणार.

मग तिनं काय केलं? परडी घेतली आणि वाकून वाकून सगळ्या गुंजा वेचल्या. पार ओढ्यापर्यंत. वाट पुसून टाकली.

परत येताना तुळाजी भेटला. "काय वेचताय, काकू?"

"शेण्या," ती म्हणाली आणि परडीवर पदर ओढला. पण पदराखालून लाल दिसायचं ते दिसलंच.

झालं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं, दुसऱ्या दिवशी राजाला कळलं. राजानं दवंडी पिटवली. असलं हरीण माझ्या बागेत हवं. रानाचा जुना कायदा आहे, पहिला बाण ज्याचा, त्याची शिकार. म्हणून ज्याच्या बाणानं हे हरीण जखमी झालं, हरीण त्याचं. त्यानं ते मला द्यावं, मी त्याला एक गाव इनाम देईन.

आता एका बाणासाठी गाव मिळतंय म्हटल्यावर काय होणार? सांगा बरं.

पहिल्यांदा आला राजाचा दारोगा. घोड्यावरून न उतरताच म्हणाला, "म्हातारे, हरीण माझं. बाण माझा आहे."

गोजराबाई म्हणाली, "असेल. कुठं मारलात?"

दारोग्यानं पडवीत डोकावलं. गोधडी तेवढी दिसली. "मानेत," तो म्हणाला.

"बरं," म्हातारी म्हणाली.

मग आला गावचा पाटील. "गोजरे, शिवार माझं, बाणही माझाच."

"कुठं मारलात?"

पाटलानं मिशीवरून हात फिरवला. "छातीत. आम्ही दुसरीकडे मारतच नाही."

"बरं," म्हातारी म्हणाली.

मग आला शेजारचा तुळाजी. हसत हसत आला. "काकू, तुम्हाला सांगायचं राहिलं. ते हरीण मीच मारलं होतं. डाव्या मांडीत."

म्हातारीनं त्याच्याकडे निरखून बघितलं. याला कसं कळलं? तिनं विचारलं, "आणि बाण कुठं आहे?"

"मांडीतच की. जाणार कुठं?"

बाण तर कधीच काढलेला. ती पडवीत गेली आणि कुडाची भिंत बोटानं चाचपू लागली. एका ठिकाणी शेणाचा लिंपा टोकरलेला होता. बोटाएवढं भोक. त्या बाजूनं गोधडी सरकलेली होती, आणि भोकातून हरणाची बांधलेली डावी मांडी सरळ दिसत होती. तिनं ते भोक बुजवलं. त्या दिवसापासून बांबू चिरायचा कोयता तिनं हातातून खाली ठेवला नाही.

ऐकताय ना? हुं म्हणा.

मग चौथ्या दिवशी राजा गावात आला. चावडीपुढे बैठक टाकली. सगळा गाव जमला. हरणाला मात्र गोजराबाईनं घरीच ठेवलं आणि दाराला आडणा लावून आली. राजानं विचारलं, "बोला, बाण कुणाचा?"

तिघे उठले. दारोग्यानं तलवारीवर हात ठेवून शपथ घेतली. पाटलानं शेताची माती उचलून घेतली. तुळाजीनं पोराबाळांची घेतली. बाण एक आणि धनी तीन. राजा याच्याकडे बघतो, त्याच्याकडे बघतो. गाव आपसांत कुजबुजतंय. कुणी म्हणे दारोगा खोटा, कुणी म्हणे पाटील खोटा, आणि बरेच जण म्हणत ही म्हातारीच खोटी, हिनंच मारलं असेल.

तेव्हा गोजराबाई उठली. "महाराज, एक विचारू? आपल्या राज्यात पाणी पिणाऱ्या जनावराला बाण मारला, तर काय शिक्षा?"

राजा म्हणाला, "त्याचं घरदार काढून घेतो आणि त्याला राज्याबाहेर घालवतो. पाण्यावर आलेल्याला मारायचं नाही, हे लहान पोरालाही ठाऊक आहे."

"मग सांगते. हे हरीण माझ्याकडे आलं तेव्हा त्याचं तोंड ओलं होतं."

आता ओढा ओलांडून आलेल्या हरणाचं तोंड ओलं असायचंच. पण ते काही म्हातारी बोलली नाही.

दारोग्यानं तलवारीवरचा हात काढला. म्हणाला, "महाराज, मी त्या दिवशी घोड्याला नाल ठोकून घेत होतो, आत्ता आठवलं." पाटलानं हातातली माती झटकली. म्हणाला, "माझा बाण दुसऱ्याच हरणाला लागला असावा." तुळाजी म्हणाला, "मला तर धनुष्य धरताही येत नाही, कुणालाही विचारा." आणि तेवढं मात्र खरं होतं.

घटकेपूर्वी बाणाला तीन धनी होते. आता एकही उरला नाही.

तेवढ्यात गर्दीच्या मागून आवाज आला. "बाण माझा आहे."

सगळ्यांनी वळून बघितलं. एक माणूस उभा होता. गाल बसलेले, पायांवर काट्यांचे ओरखडे, खांद्यावर धनुष्य. नाव त्याचं लिंबा. रानाच्या पलीकडच्या अंगाला राहायचा, शिकार करून पोट भरायचा.

लिंबा म्हणाला, "पाण्यावर नाही मारलं, महाराज. चढावर बाभळीपाशी उभं होतं. ऐन वेळी वारा आला, बाण सरकला, मांडीत बसला. पण पाण्यावर मारलं असं तुम्हाला वाटत असेल तर शिक्षा द्या. बाण माझाच आहे."

गोजराबाईला हा माणूस सगळ्यात संशयाचा वाटला. इनाम मागायला कोणीही येईल, शिक्षा मागायला कोण येतं? तिनं कनवटीतून चार गुंजा काढल्या. रक्ताची झालेली गुंज रक्त सांडणाऱ्याला ओळखेल, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं चौघांच्या तळहातावर एकेक ठेवली.

दारोग्याच्या हातावर गुंज गुंजच राहिली. पाटलाच्या हातावर राहिली. तुळाजीच्याही हातावर राहिली. लिंबाच्या हातावर ठेवली आणि ती हळूहळू विरघळली, आणि तिथे रक्ताचा एक ओला थेंब उरला. लिंबानं मूठ मिटली. त्याला तो थेंब बघवेना.

राजा म्हणाला, "निवाडा झाला. हरीण याचं. लिंबा, गाव तुझं, हरीण मला दे."

लिंबा म्हणाला, "आधी हरीण बघू द्या."

मग सगळे निघाले गोजराबाईच्या घरी. पुढे म्हातारी, मागे लिंबा, त्याच्या मागे राजा आणि सगळा गाव. पण म्हातारीनं आडणा काढला आणि दारातच कोयता घेऊन उभी राहिली.

"कशाला बघायचंय? मारायला?"

लिंबा म्हणाला, "त्याच्या मागं निघालो तेव्हा मारायलाच निघालो होतो, आजी. खोटं कशाला सांगू? माझा बा सांगायचा, बाण लागला आणि जनावर पळालं, तर त्याला तसंच टाकून घरी येऊन जेवायचं नाही. ते रानात कुढत असतं. त्याच्या मागं जायचं, सापडेपर्यंत जायचं, आणि त्याची सुटका करायची. आज चौथा दिवस आहे. मी घरी गेलो नाही."

"चार दिवस? रान एवढं मोठं आहे होय?"

"गुंजांची वाट होती ना. ओढ्यापाशी संपली. मग मी गोल गोल फिरत राहिलो. आज चावडीवरची गर्दी दिसली, तेव्हा कळलं."

म्हातारीनं मान खाली घातली. म्हणाली, "त्या गुंजा मी वेचल्या."

"ठाऊक आहे. मातीत बोटांच्या खुणा होत्या," लिंबा म्हणाला.

म्हातारी दारातून बाजूला झाली.

आत हरीण उभं होतं, बरं का. चारी पायांवर. टोपलीतला बांबूचा कोवळा पाला खात होतं. लिंबा गुडघ्यावर बसला. फडकं सोडून जखम बघितली, बोटानं हळूच दाबली. हरणानं पाय झटकला नाही. लिंबानं फडकं पुन्हा नीट बांधलं.

मग तो बाहेर आला आणि राजाला म्हणाला, "महाराज, हे मला देता येत नाही. त्याला दुखत होतं तोवर ते माझं होतं. आता दुखत नाही. आता ते कुणाचंच नाही."

राजा चिडला. म्हणाला, "अरे, गाव मिळतंय. तुझ्या झोपडीवर धड गवत नसेल."

"नाहीच आहे," लिंबा म्हणाला. "पोरं दोन आहेत, तीही वाट बघत असतील. पण जे माझं नाही ते देऊ कसं?"

राजाला मुळीच आवडलं नाही. पण हरीण लिंबाचं, हा निवाडा त्यानं स्वतःच दिला होता, सगळ्या गावासमोर. आता तो कसा मोडणार? त्यानं लिंबाच्या सोललेल्या पायांकडे बघितलं, मग आपल्या दारोग्याकडे बघितलं. आणि म्हणाला, "आजपासून शिकारखान्याचा कारभार दारोग्याकडून काढून याच्याकडे. आणि कायदा लिहून घ्या. पहिला बाण मारणाऱ्याचा हक्क तो मागावर असेल तोवरच. मध्येच घरी फिरला, की हक्क संपला." म्हातारीच्या दारात दारोगा घोड्यावरून उतरला तो तेव्हा.

मग गोजराबाईनं चूल पेटवली. लिंबाला गरम भाकरी वाढली, वर वांग्याचं भरीत. चार दिवसांचा उपाशी माणूस, पण भाकरी हातात घेऊन थांबला आणि मांजरीकडे बघायला लागला. म्हातारीच्या दुधाची गोष्ट त्यानंही ऐकली होती की. म्हातारी म्हणाली, "खा रे बाबा, निवांत खा." आणि पहिला घास तिनं स्वतः मोडून खाल्ला.

हरीण आणखी आठ दिवस राहिलं, मग एका सकाळी उडी मारून रानात गेलं. लिंबा पोरांजवळ गेला, त्याच्या झोपडीवर नवं गवत आलं. राजा बागेत मोर पाळून खूश झाला. तुळाजीनं पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आंबे दिले. म्हातारीनं त्यातला एकच हुंगला, बाकीचे तसेच खाल्ले. सगळे सुखानं नांदले.

चला, आता पांघरूण वर घ्या. हरीण निजलं असेल, तुम्हीही निजा.