पाठ नसलेले उत्तर

गदाधर नावाचा एक विद्वान गृहस्थ एकदा आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन गुरूंच्या आश्रमात आला. बारा वर्षे त्याने याच आश्रमात अध्ययन केले होते. आता तो नगरात लहान मुलांची पाठशाळा चालवत असे आणि तिची कीर्ती दूरवर पसरली होती. त्या कीर्तीचे खरे कारण होते त्याची स्वतःची कन्या, सुमेधा. ती बोलू लागली तेव्हापासून त्याने तिला पाठांतराला बसवले होते. आज वृद्ध आचार्यांनी तिची परीक्षा घ्यावी, तिच्या मस्तकावर हात ठेवावा आणि जमल्यास आपल्यालाही कौतुकाचे चार शब्द ऐकवावेत, अशी त्याची इच्छा होती.

आश्रमातले शिष्य ओसरीवर गोळा झाले. सुमेधा हातांची घडी घालून उभी राहिली. एकामागून एक श्लोक तिने अस्खलित म्हटले, तीसपर्यंतचे पाढे सरळ म्हटले आणि मग उलटेही म्हटले. कुठे अडखळली नाही. शिष्य थक्क झाले. गदाधर मात्र गुरूंच्या चेहऱ्याकडे पाहत होता, आणि तो चेहरा शांतच होता.

"छान म्हटलंस हो," आचार्य म्हणाले. "आता मला सांग बाळ, तुला काय खेळायला आवडतं?"

सुमेधा गोंधळली. तिने वडिलांकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "बाबा, हे आपण पाठ केलेलं नाही."

शिष्यांमध्ये हशा पिकला. गदाधरही हसला, पण त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

आचार्य हसले नाहीत. ते उठले, कोपऱ्यातली भरलेली घागर त्यांनी उचलली आणि पायऱ्या उतरून अर्धे पाणी अंगणात ओतले. मग धुतलेल्या धोतरानिशी ते त्या चिखलातच बसले आणि बोटाने माती उकरून पाण्याला वाट काढू लागले. ऐंशी वर्षांचे आचार्य, ज्यांच्यापुढे मोठमोठे पंडित आवाज चढवत नसत, ते चिखलात खेळत होते! गुरूंचे चित्त तर भ्रमले नाही ना, अशी शंका गदाधरला चाटून गेली.

"ये ग, मला मदत कर," त्यांनी सुमेधाला हाक मारली. "हा माझा ओढा. पण पाणी पुढे जातच नाही बघ."

सुमेधा पायरीपर्यंत आली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"का ग, काय झालं?"

"हात मळले की छडी मिळते."

ओसरीवर कुणी हसले नाही. सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळल्याचे गदाधरला न पाहताच कळले.

"गुरुजी, तिचा वेळ वाया जाऊ नये म्हणून... थोडी शिस्त..." एवढे बोलून तो थांबला.

"गदाधर, तू आतल्या खोलीत जाऊन बस," आचार्य म्हणाले. "भिंतीकडे तोंड करून. मी बोलावेपर्यंत बाहेर येऊ नकोस."

ही शिक्षा आश्रमात नव्याने आलेल्या द्वाड शिष्यांना होत असे. आपल्याहून वीस वर्षांनी लहान मुलांच्या देखत गदाधर खाली मान घालून आत गेला.

बराच वेळ बाहेरून फक्त पाण्याचा आवाज येत राहिला. मग एक बारीक स्वर ऐकू आला. "आजोबा, इथे उंच आहे, म्हणून पाणी येत नाही का?"

"कुणास ठाऊक. बघ बरं काय होतं ते."

मग "फुटलं, फुटलं!" आणि पाठोपाठ खळखळून हसणे. कुणाचे मूल खेळायला आले असावे, असे गदाधरला वाटले. क्षणभराने त्याच्या ध्यानात आले की ही आपलीच मुलगी. तिचे हसणे त्याला ओळखू आले नव्हते.

"मोठा दगड नको आजोबा, त्याच्या बाजूनं पाणी जातं. बारीक खडे घालू, वर माती. हे सात झाले, अजून तीन आणा. आणि हा पूल. इथून मुंगी सासरी जाणार आहे. पाणी खालीच का जातं हो? वर का नाही जात?"

गदाधर ऐकत राहिला. आजवर त्याने तिला हजारो प्रश्न विचारले होते. तिने त्याला एकही विचारला नव्हता. 'माझी मुलगी मध्ये बोलत नाही,' असे तो पालकांना अभिमानाने सांगत आला होता.

त्याच्याने बसवेना. न बोलावताच तो उठून दारात आला.

सुमेधाने त्याला पाहिले आणि तिचे हसू अर्ध्यावर थांबले. घाईघाईने तिने परकराला हात पुसले, ती ताठ उभी राहिली, डोळे मिटले आणि पहिला श्लोक म्हणू लागली. तिच्या पायाशी बांधाची एक बाजू खचली, पाणी वाहून जाऊ लागले. आवाज ऐकून तिने डोळे उघडून एकवार पाहिले, पण ती जागची हलली नाही. पुन्हा डोळे मिटून ती श्लोक म्हणत राहिली.

धरणीने पोटात घ्यावे, असे गदाधरला झाले. "गुरुजी," तो कसाबसा म्हणाला, "हे मी काय करून बसलो?"

आचार्य त्याच्याजवळ आले. "श्लोक वाईट नाहीत रे. पण ते तू तिच्या जिभेवर ठेवलेस. आता ऐकलंस ना? पाणी अडवताना तिचे डोळे, हात, तर्क, कल्पना, सगळं एकाच वेळी कामाला लागलं. बांध फुटला, तिनं कारण शोधलं. दुसरा उपाय केला, तो फसला, मग तिसरा. या वयात मेंदू घडतो तो असा. प्रत्येक धडपडीगणिक त्यात एक नवी वाट पडते, आणि पुढची सारी विद्या त्याच वाटांनी आत येते. भय या वाटा बंद करतं. भ्यालेलं मूल विचार करत नाही, ते फक्त तुझ्या चेहऱ्याकडे बघत राहतं."

"आणि मी इतकी वर्षं..."

"हो," आचार्य म्हणाले. त्यांनी त्याचे सांत्वन केले नाही. "आणि तुझ्या पाठशाळेत आणखी चाळीस मुलं आहेत."

गदाधर पायऱ्या उतरला. श्लोक चालूच होता. तो तिच्यासमोर चिखलात बसला.

"सुमेधा, पुरे कर बाळ. तुझा बांध फुटलाय. मला तो बांधता येत नाही."

तिने एक डोळा उघडला.

"ही परीक्षा आहे?"

"नाही ग."

"मग चुकलं तर?"

"चुकलं तर पुन्हा बांधू."

तिने आजोबांकडे पाहिले. त्यांनी घागरीतले उरलेले पाणी हळूहळू सोडायला सुरुवात केली होती. "मग इथे हात धरा," ती म्हणाली. "लवकर!"

गदाधरने दोन्ही तळवे मातीवर आडवे धरले. पाणी बोटांच्या फटींतून निसटू लागले. त्याला मान वर करवेना.

"बाबा, तसं नाही," सुमेधा म्हणाली, आणि खाली बसून तिने त्याचे एकेक बोट दुसऱ्याशी जुळवून दिले.