तिवरभाटचा पाठमोरा संत

चर्चच्या मोठ्या दारातून बाहेर आलात की आधी दिसते ती संत अंतोनींची पाठ. लग्न लागल्यावर नवरा-नवरी पायऱ्यांवर फोटोला उभी राहतात, तेव्हा फोटोग्राफर हमखास कुरकुरतो. पुतळा उलटा बसवलाय का, असं तुम्हीही विचारणारच होतात. सगळेच विचारतात. उलटा नाही. त्यांचं तोंड शाळेकडे आहे, एवढंच. या, इथे सावलीत बसा, सांगतो. मी याच शाळेत शिकलो, आता माझी नात शिकते. माझ्या आजीने मला जसं सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

फार पूर्वी आमच्या तिवरभाटला शाळा नव्हती, असं सांगतात. पोरं खाडी ओलांडून पलीकडच्या गावात शिकायला जायची. ओहोटी असली तर शाळा, भरती असली तर सुट्टी. त्यामुळे पोरांना पाढे येत नव्हते, पण भरतीची वेळ झोपेतून उठवून विचारली तरी अचूक सांगायची. मास्तर उशिरा का आलात म्हणून विचारायचे, पोरं चंद्राकडे बोट दाखवायची.

हसू नका, पुढचं हसण्यासारखं नाही. एकदा परत येताना भरती लवकर चढली आणि सांतान नावाची एक मुलगी वाहून जाता जाता वाचली. एका कोळ्याने वेणी धरून तिला होडीत ओढलं. ही सांतान म्हणजे कातरीनबायची नात.

कातरीनबाय विधवा होती, केळीची वाडी एकटीने करायची. लाल लुगडं, कमरेला कोयता आणि आवाज असा की चर्चच्या घंटेची गरज पडू नये. लेक आणि सून तापात गेले, मागे ही एकच नात. ओली पोर दारात आणून ठेवली तेव्हा कातरीनबाय रडली नाही म्हणे. तिला कोरडे कपडे घातले, पेज पाजली आणि तशीच फादर ज्युस्तीन यांच्याकडे गेली. म्हणाली, "फादर, शाळा अलीकडे आणा. खाडी काही पलीकडे जायची नाही."

फादर भले गृहस्थ होते. त्यांनी मिशनच्या मोठ्या फादरांकडून परवानगी आणली आणि गावाने चर्चसमोर शाळा उभी केली. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, शाकारायला आणलेल्या पेंढ्याचा आत मोठा ढीग. मोठ्या फादरांची अट एकच होती. अंतोनीच्या सणाला मी येईन, तोवर शाळेत मास्तर दिसला पाहिजे, नाहीतर परवानगी दुसऱ्या गावाला.

मास्तर काही टिकेना. पहिला आला तो बूट आणि हॅट घालून. हॅट त्याने खुंटीला अडकवली आणि बकरीने ती खाल्ली. तो त्याच संध्याकाळच्या होडीने परत गेला. दुसऱ्याचा गळा फार गोड होता. तो एका वऱ्हाडाच्या बँडबरोबर गात गात वेशीपर्यंत गेला आणि पुढेही गातच गेला असावा, कारण परत आलाच नाही.

सण तोंडावर आला. फादर ज्युस्तीन यांनी आशा सोडली. कातरीनबायने मात्र संत अंतोनींकडे धरणं धरलं. हरवलेली वस्तू शोधून देणारा संत म्हणून त्यांची ख्याती. कुणाची सुई हरवो की सासू, लोक त्यांनाच साकडं घालतात. ती रोज पुतळ्यापुढे उभी राहून सांगायची, "अंतोनी, आमचा मास्तर हरवलाय. तो शोधून दे. मास्तर आला की सणाला केळीचा पहिला घड तुझा."

पुतळा तेव्हा चर्चच्या दाराकडे तोंड करून होता. सागवानी, माणसाएवढा, ठेंगण्या चौथऱ्यावर उभा. तिचं गाऱ्हाणं तो नुसता ऐकून घ्यायचा.

शेवटी एका सकाळी तिची सहनशक्ती संपली. कमरेचा कोयता तिने पुतळ्याच्या बैठकीखाली घातला आणि रेटा देत देत संताला पुरता फिरवला. म्हणाली, "इकडे चर्च बघून बघून तुला वाटतं, गावात सगळं ठीक चाललंय. आता ही रिकामी शाळा बघत राहा. मास्तर येईपर्यंत तोंड वळवायचं नाही."

फादर मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, आटपून बाहेर आले आणि पायरीवरच थबकले. "कातरीनबाय! संताला शिक्षा केलीत?"

"शिक्षा कसली, फादर? वर्गात बसवलाय."

पुतळा सरळ करायला माणसं आणतो म्हणून फादर आळीत गेले. आणि नेमकं तेव्हाच, असं सांगतात, खाडीकडून एक अनोळखी माणूस घामाघूम होऊन आला. त्याला समोर पाठमोरा उभा असलेला गृहस्थ दिसला. डोक्यावर टकलाचा गोल, अंगावर तपकिरी घोंगडीसारखं काहीतरी.

"अहो, इकडून एक तांबडी गाय गेली का?"

उत्तर नाही.

"अहो पाहुणे! गाय! तांबडी! एक शिंग मोडलेली!"

गृहस्थ ढिम्म. माणूस तापला. "नसेल सांगायचं तर नाही म्हणा. माणसासारखा माणूस विचारतोय, मान तरी हलवाल की नाही?"

कुंपणाआड खेळणारी पोरं हसून हसून जमिनीवर लोळली. त्या माणसाने पुढे होऊन पाहिलं, लाकडाचा चेहरा दिसला, आणि तो असा शरमला की त्याने संताला हात जोडून माफी मागितली. मग संताची नजर जिकडे होती तिकडे त्यानेही पाहिलं. शाळेच्या दारातून एक तांबडं शेपूट हलत होतं.

गाय आत होती आणि पेंढा खात होती. माणूस तिला ओढायला धावला, पोरं मागोमाग आत शिरली. सांतान ओरडली, "आमचा अर्धा पेंढा खाल्ला हिने!"

माणसाने गायीचं दावं सोडलं. ढिगाकडे पाहिलं. "अर्धा नव्हे," तो म्हणाला. "पाव."

"पाव म्हणजे काय?"

मला वाटतं, त्याला तो प्रश्न कुणी तरी विचारावा असं खूप दिवस वाटत असावं. त्याने काठी घेतली, जमिनीवर एक भाकरी काढली आणि तिचे तुकडे करायला लागला. पोरं बसली. थोड्या वेळाने गायही बसली.

फादर माणसं घेऊन आले, मागून कातरीनबाय आली. दारातून पाहतात तो भाकरी संपून वजाबाकी सुरू झाली होती. कातरीनबायने तिथेच गुडघे टेकले. मग उठून विचारलं, "मास्तर, नाव काय तुमचं?"

"नरहर राऊत."

 माणसं फादरांकडे बघू लागली, फादर छपराच्या वाशांकडे. ख्रिस्ती शाळा, आणि मास्तर हिंदू!

नरहर म्हणाला, "मी गाय शोधायला आलोय." मग जमिनीकडे बघत, "शिकवायचो मी. गावात शाळा होती माझी, पोरं मिळेनात म्हणून मोडली. आता भावाची गुरं राखतो. वहिनी म्हणते, तेही जमत नाही."

"फादर," कातरीनबाय म्हणाली, "मी मास्तर मागितला, तो मिळाला. कुठल्या धर्माचा ते मागायला विसरले. आता दिलेलं परत कोणत्या तोंडाने करू?"

"अहो, पण प्रार्थना कोण शिकवणार?"

"मी शिकवीन. अक्षरं मास्तर शिकवतील."

फादरांना दुसरा मार्ग दिसेना. मास्तर शिकवू लागला. कातरीनबाय सकाळी वाडीला पाणी सोडून यायची, पोरांना रांगेत उभं करायची आणि आपल्याला येत होती तशी प्रार्थना घोकून घ्यायची. मास्तर तेवढा वेळ बाहेर, संताच्या शेजारी उभा राहायचा. पुतळा सरळ करायचं या गडबडीत राहूनच गेलं होतं.

सणाला मोठे फादर आले. गोरे, उंच, हसण्याची सवय नसलेले. पोरांना म्हणाले, प्रार्थना म्हणा. पोरांनी हात जोडले. बापाचं नाव, रोजची भाकर, पापांची क्षमा, सगळं बिनचूक. फादर ज्युस्तीन यांचा जीव भांड्यात पडणार, तोच पोरं त्याच सुरात पुढे म्हणाली, "आणि आमच्या केळीला कीड लागू देऊ नकोस, आमेन."

कातरीनबाय जन्मभर तशीच म्हणत आली होती. ते मूळ प्रार्थनेत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

मोठे फादर मास्तराकडे वळले. "तुम्ही ख्रिस्ती आहात?"

"नाही. गाय शोधायला आलो होतो."

फादर ज्युस्तीन यांनी डोळे मिटून घेतले. मोठ्या फादरांनी एकेका पोराला जवळ बोलावलं, वाचून घेतलं, हिशेब विचारले. मग सांतानला म्हणाले, "संत अंतोनी काय करतात, सांग."

"हरवलेलं शोधून देतात. मास्तरांना गाय दिली, आम्हांला मास्तर दिला."

"आणि गायीला?"

सांतानने विचार केला. "पेंढा."

आणि मोठे फादर हसले, म्हणे. इतके हसले की त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. परवानगी तिथल्या तिथे पक्की झाली. जाताना मात्र ते म्हणाले, संताला सरळ करा. कातरीनबायही लगेच तयार झाली. मास्तर येईपर्यंतचीच बोली होती, ती शब्दाची पक्की. माणसांनी पुतळ्याला हात घातला, तेवढ्यात नरहर मास्तर आडवा आला.

"फादर, राहू द्या ना," तो म्हणाला. "इतकं लक्ष देऊन ऐकणारा दुसरा विद्यार्थी मला मिळायचा नाही."

म्हणून संत आहेत तिथेच राहिले. मास्तर म्हातारा होईपर्यंत इथेच शिकवत राहिला. सांतान शिकून याच शाळेत बाई झाली आणि मास्तराच्याच खुर्चीवर बसली. तो गेला तेव्हा त्याला त्याच्या रीतीने अग्नी दिला, आणि इकडे चर्चची घंटा वाजली. असा मान तोवर परधर्माच्या कुणाला मिळाला नव्हता.

आजही शाळा उघडते त्या दिवशी पहिला धडा राऊतांच्या घरातलं कुणीतरी देतं. यंदा नरहर मास्तराची पणती आली होती. बँकेत नोकरी करते, शिकवायची सवय नाही. फळ्यावर काहीतरी लिहायला गेली आणि विसरलीच. कोराच फळा पुसायला लागली. तेव्हा पहिल्या बाकावरची एक चिमुरडी उठून तिच्याजवळ गेली, हळूच म्हणाली, "बाई, घाबरू नका. आम्हांलापण काही येत नाही."