समासातलं निंबसर

“...पण यात खोटं काय आहे, सर?”

सुवर्णा ढोबळेने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. बाबर सर सुपात घेवड्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्यांचं दोन खोल्यांचं घर आणि पुढे पडवी. कंपन्या विकत घेण्या-विकण्याचे मोठमोठे व्यवहार जुळवून देणाऱ्या मुंबईच्या एका इन्व्हेस्टमेंट बँकेत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाले आणि थेट गावाकडे आले. त्या धंद्यात शिरू पाहणारी पोरं रविवारी त्यांना शोधत यायची. कुणी उजळून परत जायचं, कुणी चिडून.

“मी खोटं म्हटलं का?” सर म्हणाले.

“मग कागद वाचून गप्प का बसलात?”

“शेंगा सोलतोय.”

सुवर्णाने ओठ आवळले. कागद तिचाच होता, नोकरीच्या अर्जाचा. एका पानात सगळं आयुष्य. पदवी पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजची, आणि तीही खरी. फक्त त्या कॉलेजात ती शेवटचं एकच वर्ष होती. आधीची दोन वर्षं निंबसरला गेली होती. तालुक्याचं कॉलेज, पत्र्याचे वर्ग, मागे ज्वारीचं रान. ती दोन वर्षं कागदावर नव्हती.

“सहा ठिकाणी अर्ज केले,” ती म्हणाली. “सहाही वेळा निंबसर लिहिलं होतं. सहाही वेळा कागद बाजूला गेला. सातव्यांदा नाव काढलं, आणि बघा... मंगळवारी मुंबईत मुलाखत.”

“झालं की मग काम.”

“झालं.”

“मग पहाटेची एसटी धरून माझ्याकडे कशाला आलीस?”

सुवर्णाने पिशवीची चेन उघडली, पुन्हा लावली.

“पोरीला चहा तरी पाजा आधी,” आतून बाबरकाकूंचा आवाज आला, “मग काय ती परीक्षा घ्या!”

चहा आला. अर्धा कप झाल्यावर सुवर्णा हळूच म्हणाली, “त्यांनी विचारलं ना, पहिली दोन वर्षं कुठे होतीस... तर तोंडघशी पडायला नको, म्हणून.”

सरांनी सूप बाजूला ठेवलं. कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्यापुढे धरली.

“पुण्यात दोन महिने उमेदवारी केलीस म्हणतेस. मग आमच्यातला रिवाज ठाऊक असेल. व्यवहाराचं टिपण बाहेर जाण्याआधी काय करतात?”

इथे सुवर्णा खुलली. हे तिला पाठ होतं. “प्रत्येक आकड्यासमोर समासात पेन्सिलीने लिहायचं, तो कुठून घेतला ते. ज्या आकड्याचा ठावठिकाणा नाही, तो खोडायचा.”

“बरोबर असला तरी?”

“बरोबर असला तरी.”

“कुणीही म्हणालं तरी?”

“खुद्द मालक म्हणाला तरी!”

“शाब्बास. हा कागद तपास.”

सुवर्णाला हसू आलं. एक पान, ते काय मोठं! तिने कागद गुडघ्यावर घेतला.

पहिली ओळ ताळेबंद वाचण्याची. ते तिला तालुक्याच्या कॉलेजातल्या ढाले सरांनी शिकवलं होतं. पाठ्यपुस्तकं दिवाळीपर्यंत आलीच नव्हती, म्हणून त्यांनी दूध संघाचे जुने अहवाल वर्गात वाटले होते. तिने समासात लिहिलं, निंबसर.

दुसरी, कंपनीचं मोल काढण्याची. कॉलेजात चालू कॉम्प्युटर एकच, आणि वीज तिच्या मर्जीची. म्हणून सगळी गणितं हातानेच करावी लागली होती. पुण्यात मुलं यंत्रावर बोटं नाचवायची, पण मधली पायरी चुकली की तिथेच अडून बसायची. तिला ती पायरी डोळ्यांपुढे दिसायची. निंबसर.

इंग्रजी. तिथल्या ग्रंथालयात बाजाराच्या बातम्यांचा, गुलाबी कागदाचा इंग्रजी पेपर दोन दिवस शिळा यायचा. त्याला वाचक एकच, ती. निंबसर.

उमेदवारी. पुणे. सुवर्णाला जरा बरं वाटलं.

मग पुण्याच्या कॉलेजची ओळ आली. सगळ्यांत ठळक अक्षरात. पेन्सिल तिथे टेकली आणि थांबली.

तिथे प्रवेश कशावर मिळाला होता? दुसऱ्या वर्षाच्या गुणांवर. आणि ढाले सर स्वतः कागदपत्रांची पिशवी घेऊन तिच्यासोबत पुण्याला आले होते, दिवसभर रांगेत उभे होते, त्यावर.

...

तिने बारीक अक्षरात लिहिलं. निंबसर.

उरलेल्या तीनही निंबसरच्याच निघाल्या, आणि आठ ओळी संपल्या. सरांनी कागद घेतला, समास तेवढा दिसेल असा दुमडला, आणि आरती म्हणावी तसे सुरात वाचू लागले, “निंबसर, निंबसर, निंबसर, पुणे, निंबसर...”

“सर, पुरे!” ती म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना.

“आता तुझा रिवाज चालव. निंबसर लिहायचं नाही ना? ठीक. मग ज्याचा ठावठिकाणा देता येत नाही ते खोड, आणि उरेल ते मुंबईला घेऊन जा.”

“उरतं काय, सर? उमेदवारी, आणि मोबाईल नंबर.”

“नंबर तरी तुझा आहे ना?”

“...वडिलांच्या नावावर आहे.”

आतून काकूंचं हसणं ऐकू आलं.

सुवर्णाने सूप ओढून घेतलं आणि शेंगा सोलू लागली. ऊन पडवीच्या पायरीवर आलं. मूठभर दाणे झाल्यावर तिने हात पुसले, पिशवीतून शाईचं पेन काढलं, आणि पुण्याच्या ओळीखालच्या मोकळ्या जागेत दोन वर्षं आणि गावाचं नाव लिहिलं. अक्षर तिच्या नेहमीच्या अक्षराहून थोडं मोठं आलं.

“घरी जाऊन नीट छापते,” ती म्हणाली. “मंगळवारी त्यांच्यापुढे हाच ठेवीन. त्यांनी परत पाठवलं, तर सातवी वेळ.”

“तर सातवी,” सर म्हणाले.

तिने पिशवी खांद्याला लावली, आत डोकावून काकूंना येते म्हटलं आणि पेन्सिल सरांपुढे धरली.

“असू दे. मंगळवारी लागेल.”

“आता काय तपासायचं राहिलं, सर?”

सरांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

“तुझं काही नाही. निंबसर कुठे आलं असं जो विचारेल, त्याच्या हातात दे, म्हणावं आता तुमचा कागद तपासा.”