सत्तावीस मोत्यांची वाटणी

एका राज्यात, सूर्य मावळून बरोबर दोन घटका झाल्या आणि राजवाड्यातला पाळणा आपोआप थांबला. राणी चित्रावतीनं दुपट्याखाली हात घातला. बाळाची पावलं दगडाची झाली होती.

पाळण्याच्या कडीवर पिंगळा बसला होता. तो म्हणाला, "राजानं मांत्रिकाच्या गुहेतले मोती उचलून आणले. ते परत न्या. तिथं तीनदा वाटणी करावी लागेल. तोवर दगड वर चढत राहील."

राजा मंदारसेनानं मोत्यांची थैली घेतली, राणीनं बाळ छातीशी घेतलं. पिंगळा पुढं उडाला.

गुहेत दगडाची माणसं उभी होती, पंगत मांडावी तशी सारख्या ओळींत. त्यांच्या डोळ्यांत मात्र ओल होती.

"मांत्रिक ओळी खातो," पिंगळा म्हणाला. "असे ढीग करा, की एकाही ढिगाच्या सारख्या ओळी लागू नयेत. ढिगातले सगळे मोती मिळून एकच ओळ झाली तर चालेल. एकटा मोती म्हणजे ढीग नव्हे. चुकेल तो दगड."

थैलीतून बारा मोती बाहेर आले. राणीनं पाच आणि सात केले. अंधारातून मांत्रिकाची बोटं आली, नुसती बोटं. त्यांनी जोड्या लावल्या, त्रिकुटं लावली. दर वेळी काहीतरी उरलंच. बोटं मागं सरली.

मग तीस मोती आले. राणीनं तेरा आणि सतरा केले. बोटं पुन्हा रिकामी गेली. पण बाळ कमरेपर्यंत गार पडलं होतं.

तिसऱ्यांदा आले सत्तावीस.

राणी मोजत राहिली. "दोन ढीग केले तर एक सम होणारच, त्याच्या जोड्या लागणार. तो दोनाचाच ठेवला तर उरले पंचवीस, म्हणजे पाचापाचाच्या पाच ओळी. अहो, तीन ढीग करू या?"

"वेड लागलंय का? तीन तिगाडा, काम बिघाडा! तिसरी भाकरीसुद्धा आपण तुकडा मोडून वाढतो." राजानं दोन आणि पंचवीस केले.

पंचवीस मोती आपणहून पाच ओळींत बसले. राजा चालत जाऊन दगडांच्या ओळीत उभा राहिला, आणि दगड झाला. सत्तावीस मोती पुन्हा एका ढिगात आले. बाळाचं रडणं गळ्यातच थांबलं.

राणीनं विचारलं, "पिंगळेबुवा, ढीग दोनच हवेत असं तुम्ही म्हणालात का?"

"मी नाही म्हणालो. इथं उभे आहेत ते सगळे तिनाला भ्यालेले."

"आम्ही तर घरात तिघंच आहोत," राणी म्हणाली. तिनं तीन मोती बाळासाठी काढले, सात स्वतःसाठी, सतरा राजासाठी.

बोटं आली. चाचपलं, मांडलं, मोडलं. ओळ काही लागेना. उपाशी बोटं एकेक करून गळून पडली, आणि त्यांची राख झाली.

बाळानं पाय झाडले. दगडांच्या ओळी मोडल्या, माणसं डोळे पुसत आपापल्या गावी निघाली. राजा खाली मान घालून म्हणाला, "आण इकडं, मी घेतो त्याला."

मोती गुहेतच राहिले. त्या राज्यात आता तीन भाकऱ्या अख्ख्या वाढतात.

तुमच्या शेजारी कुणी अजून तिसरी मोडून वाढत असेल, तर तिला एवढं सांगा. आणि तिनं पुढचीला सांगावं.