हलक्या हातांचं मागणं

तीन रात्री तुळसाच्या उशाखाली कात्री होती आणि तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेजारी गोधडीत इवलीशी शेवंती मुटकुळं करून झोपलेली असायची, आणि तिच्या मानेशी असायची ती गाठ. पेरूएवढी, काळी, दगडासारखी घट्ट. कचकन कात्री चालवली की काम फत्ते. पण सकाळी पोर उठेल, मानेवर हात फिरवेल आणि मग आपल्याकडे बघेल. त्या बघण्याचं काय करायचं, ते मात्र तुळसाला सुचत नव्हतं. मग ती कूस बदलायची.

तुळसा ही शेवंतीची आई नव्हती. आई मागच्या होळीच्या सुमारास तापानं गेली. शेवंतीचे बाबा बुरूड. बांबूच्या टोपल्या विणायच्या, पाठीवर लादायच्या आणि गावोगावचे बाजार गाठायचे, असं त्यांचं चाले. घरी पंधरा-पंधरा दिवस कुणी मोठं माणूस नसे. दिवाळीनंतर तुळसा लग्न होऊन या झोपडीत आली. शेवंती तिच्याशी भांडली नाही की रुसली नाही. फक्त तिला कशानंच हाक मारायची नाही. पाणी हवं असलं तर समोर येऊन उभी राहायची, बस.

शेवंतीचे केस होते वेलीच्या तणाव्यासारखे, वळणावर वळण घेतलेले. आणि तुळसाचे होते पावसाच्या धारेसारखे सरळ. पहिल्याच आठवड्यात तुळसानं मोठ्या हौसेनं तिला पुढ्यात बसवलं, बारीक दातांची फणी घेतली आणि टाळूपासून सरळ खाली ओढली. तिच्या माहेरी असंच विंचरायचे. फणी बोटभर गेली, अडकली, तिचे दोन दात मोडले, आणि शेवंती अशी किंचाळली की अंगणातल्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. मग तुळसाला वाटलं, तेल ओतलं की गुंता सैल होईल. वाटीभर ओतलं. तेलावर धूळ बसली, धुळीवर आणखी तेल. गाठ सुटायची राहिली बाजूला, आवळतच गेली. त्या दिवसापासून शेवंती तिला डोक्याला हात लावू देईना.

गावातली पोरं ओरडायची, “झिपरी गं झिपरी, डोक्यावर टोपली!” तेवढं एक वेळ परवडलं. पण एके दिवशी भागाक्का आली. गावात कुणाला दृष्ट लागली, कुणाला बाधा झाली की भागाक्काला बोलावत. तिनं गाठ चाचपली, डोळे मिटले आणि कानाला हात लावला.

“जट आहे ही. देवीनं बोलावलंय पोरीला.”

“अहो, गुंता आहे तो, भागाक्का. माझ्याच हातानं वाढलाय.”

“तुला काय कळतंय? काल आलेली तू!” भागाक्का म्हणाली. ती दुष्ट नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. “पौर्णिमेला सांजच्याला हळद-कुंकू घेऊन येते. एकदा ते लावलं की जटेला फणी नाही, कात्री नाही. आणि पोर डोंगरावरच्या देवळात राहायची. कायमची.”

शेवंती दाराआडून ऐकत होती. तिनं गाठ मुठीत घट्ट धरली.

आज पौर्णिमा होती.

सकाळी तुळसा चुलीपासून उठली तर शेवंती घरात नाही. तुळसानं दोनदा हाक मारली. ती तशीच, ओल्या हातांनी, मागच्या राईत धावली.

रिठ्याची राई होती ती. झाडांखाली तपकिरी रिठ्यांचा सडा पडलेला, मधून एक झुळझुळता ओढा, ओढ्याकाठी लाल लाल रानजास्वंदी. कोवळं ऊन पानांतून गळत होतं आणि पाण्यावर सोन्याच्या टिकल्या पसरवत होतं. तिथे, करवंदीच्या जाळीपाशी, शेवंती गुडघे टेकून बसली होती. तुळसा हाक मारणार, इतक्यात तिला आवाज ऐकू आला. चिमुकला, चिडका, चांदीच्या घुंगरासारखा.

“ओढू नकोस! सकाळपासून तीन कावळे आणि एक माकड ओढून गेलंय!”

तुळसा पटकन जांभळीच्या खोडामागे झाली.

जाळीत एक वीतभर परी अडकली होती. चतुराच्या पंखांसारखे लखलखते पंख, मोरपिशी झगा, आणि केस तर काय वर्णावे! तिच्या उंचीच्या दुप्पट, तांब्याच्या रंगाचे, लाख लाख वळणांचे कुरळे केस. प्रत्येक वळण एकेका काट्यात गुंतलेलं.

“मी नाही ओढणार,” शेवंती म्हणाली. “तू रडू नकोस हं.”

तिनं जास्वंदीची चार पानं खुडली आणि ओढ्याच्या पाण्यात चुरली. त्यांचा हिरवा, बुळबुळीत गर निघाला. तो तिनं परीच्या केसांना थेंब थेंब लावला. मग अगदी खालचं टोक बोटांत धरलं आणि तिथून सोडवायला सुरुवात केली. खालचं सुटलं की त्याच्या वरचं. मग त्याच्या वरचं. एका हातानं मुळाशी धरून ठेवायची, म्हणजे परीच्या डोक्याला ताण बसायला नको. काटे तिच्या बोटांना टोचत होते. मधेच ती बोट तोंडात घालायची आणि पुन्हा कामाला लागायची.

तुळसा झाडामागून बघत राहिली. खालून. ओलं करून. इतकं साधं होतं तर!

ऊन चांगलं वर आलं तेव्हा शेवटचं वळण सुटलं. परी फर्रकन उडाली, हवेत गिरकी घेतली आणि शेवंतीच्या तळहातावर येऊन बसली.

“मी कुरळ्या केसांची परी,” ती म्हणाली. “तू माग, मी देईन. पण नियम आहेत. मागणं एकच. दिलेलं परत घेता येत नाही. मध्येच मोठं माणूस बोललं की वर विरून जातो. आणि माझं राज्य केसांपुरतं. सोनं, राजवाडे, पाऊस हे सगळं दुसऱ्या पऱ्यांचं काम.”

“मग आई परत...”

“नाही गं बाळा,” परी हळूच म्हणाली. “ते कुठल्याच परीचं काम नाही.”

शेवंतीनं खाली बघितलं. मग मानेवरची गाठ मुठीत धरली.

“मग ही गाठ कधीच सुटू नये असं कर.”

जांभळीमागे तुळसानं खोड घट्ट धरलं. कधीच सुटू नये! मग सांजेला भागाक्का येईल, हळद-कुंकू लावेल आणि पोर डोंगरावर जाईल. ‘नको’ हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. पण मोठं माणूस बोललं की वर विरतो. मग पोरीला मिळालेलं एकुलतं एक मागणं आपल्यामुळे बुडायचं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

“देईन,” परी म्हणाली. “पण का नको सुटायला?”

“आत वेणी आहे. आईनं घातलेली. शेवटची.”

झाडामागे तुळसानं कपाळ खोडाला टेकलं. इतके महिने ती समजत होती, पोर हट्टी आहे. आणि उशाखाली तिनं कात्री ठेवली होती.

“आई आहे ना आत?” शेवंतीनं विचारलं. “सुटली तर ती जाईल ना?”

परीनं तिच्या गाठीला कान लावला. बराच वेळ ऐकलं. पऱ्यांना खोटं बोलता येत नाही. कधी कधी आलं असतं तर बरं, असं त्यांनाही वाटत असावं.

“माती आहे,” ती म्हणाली. “खूप सारं तेल आहे. गवताची एक काडी, आणि वाट चुकलेली एक मुंगी. अगदी आत एक हिरवी चिंधी आहे. आई नाही गं बाळा.”

“चिंधी आईच्या लुगड्याची,” शेवंती म्हणाली, आणि तिला रडू आलं. हुंदके देऊन नाही, नुसतं डोळ्यांतून टपटप. ओढ्यातल्या सोन्याच्या टिकल्या तिला दिसेनाशा झाल्या. परी पुन्हा तिच्या तळहातावर उतरली. ती तिच्या अंगठ्याला टेकून बसून राहिली, इतकंच.

मग परीनं विचारलं, “मला सोडवायला तुला कुणी शिकवलं?”

“आईनं. ती आधी भिजवायची. मग गर लावायची. मग टोक धरायची आणि...” शेवंतीची बोटं हवेतल्या हवेत चालू लागली. चालता चालता थांबली. तिनं आपली टोचलेली बोटं डोळ्यांसमोर धरली, उलटी केली, सुलटी केली, आणि बघत राहिली.

“मागू का?” शेवटी ती म्हणाली. “तिचे हात हलके कर.”

“कुणाचे?”

“आमच्या घरात आहे ना, तिचे. तिला येत नाही. वरून ओढते ती.” शेवंतीनं नाक पुसलं. “मी ओरडले की ती चुलीमागे जाऊन रडते. तिला वाटतं मला दिसत नाही.”

“आणि चिंधी? ती नाही मागत?”

शेवंतीनं विचार केला. “हात हलके असले की चिंधी निघेलच ना न फाटता.”

परी इतकी हसली की तिचे सगळे कुरळे केस झुलले. “जांभळीमागच्या बाई, आता पुढे या. बोललात तरी चालेल!”

तुळसा पुढे आली. पदर ओला, नाक लाल, पायात चप्पल नाही. परीनं शिसवीची एक वाळकी काटकी उचलली आणि फुंकर घातली. तिचा कंगवा झाला. मोठ्या, गोल, लांब लांब दातांचा, मधातून काढल्यासारखा चमचमणारा. तो तिनं तुळसाच्या हातात ठेवला.

“कोरड्या केसांत घालायचा नाही. वरून घालायचा नाही. आणि तिनं हो म्हटल्याशिवाय घालायचा नाही. यातलं एक जरी मोडलं तरी याची पुन्हा काटकी होईल.”

“मला जमेल का हो?” तुळसानं विचारलं. “माझ्या हातून आजवर फण्याच मोडल्या आहेत.”

“डोक्यातलं दुखणं मी घेऊन जाते,” परी म्हणाली. “मनातलं माझ्या राज्यात येत नाही. ते तुम्ही दोघी बघा.”

ती वर उडाली. तिच्या केसांच्या प्रत्येक वळणात ऊन शिरलं, तांब्याचं सोनं झालं, सोन्याचा नुसता उजेड झाला. तो उजेड रिठ्यांच्या पानांवर, पाण्यावर, शेवंतीच्या ओल्या गालांवर एकदा लखकन हलला आणि राईत पुन्हा साधी सकाळ उरली.

तुळसा ओढ्यातल्या खडकावर बसली. शेवंती येऊन तिच्या पुढ्यात उभी राहिली.

“हात लावू?” तुळसानं विचारलं.

शेवंतीनं आधी कंगव्याचे दात बोटानं चाचपून पाहिले. मग शेवंती खाली बसली आणि म्हणाली, “हो.”

दुपार झाली, उन्हं कलली. आधी रिठ्याच्या फेसानं तेल धुतलं. मग जास्वंदीचा गर. मग टोकाकडून एक केस, दोन केस, बोटभर बट. माती निघाली, काडी निघाली. मुंगी निघाली आणि खडकावरून तुरुतुरु चालती झाली. मूठभर केस तुटूनही आले. इतक्या महिन्यांनी ते यायचेच. तुळसाचे हात आता ओढत नव्हते. आणि सगळ्यात शेवटी, अगदी गाभ्यातून, चिंधी निघाली. अख्खी. रंग उडालेली, आतल्या घडीत तेवढा हिरवा उरलेला.

शेवंतीनं ती नाकाशी धरली.

“आईचा वास नाही येत.”

“नाही?”

“तेलाचा येतो.”

आपल्या जुन्या सुती पदरानं तुळसा शेवंतीच्या केसांतलं पाणी टिपत राहिली. घासायचं नाही, हे आता तिला कळलं होतं. ओंजळीत खालून केस घ्यायचे आणि हलकेच वर दाबायचे. दाबून सोडलं की एकेक वळण जागं व्हायचं. इवलंसं, गोल, काळंभोर, चमचमतं.

त्या घरी पोचल्या तेव्हा भागाक्का तबक घेऊन अंगणात उभी होती.

“जट सोडवलीस? बाई गं! देवी कोपेल!”

“जट नव्हती भागाक्का, गुंता होता,” तुळसा म्हणाली. “आणि कोपायचंच असलं तर माझ्यावर कोपू दे. हात माझे होते.”

भागाक्का पुढे झाली. तिनं शेवंतीची एक बट बोटावर घेतली. बट ताणली गेली, सुटली आणि टुणकन आपल्या जागी गेली. म्हातारीचा चेहरा हळूहळू बदलला.

“आईवर गेली आहेस गं,” ती पुटपुटली. “तिचे अस्सेच होते.” मग हातातल्या तबकाचं काय करावं ते तिला कळेना. शेवटी तिनं बोटावर हळद-कुंकू घेतलं, तुळसाच्या कपाळाला लावलं आणि मान खाली घालून निघून गेली.

अंगणात दोघीच उरल्या. शेवंतीच्या हातात चिंधी होती आणि खांद्यावर कुरळ्या केसांचा काळाभोर ढग. गोष्टीतल्या मुली अशा वेळी धावत येतात, गळ्यात पडतात आणि एक विशिष्ट शब्द उच्चारतात. तुळसानंही, खोटं कशाला बोला, मनातल्या मनात जरा वाट पाहिली.

शेवंतीनं तिच्याकडे नीट बघितलं.

“तुला फार वेळ लागतो,” ती म्हणाली. “आई पटकन करायची. उद्या आपण जरा लवकर बसू.”