समोरच्या माडीचं भाडं

एका शहरात एक पेठ होती आणि त्या पेठेत एक शेठ. दुमजली घर, वर स्वतः राहायचे, खाली एका मावशींची खानावळ. भाडं महिना पाच हजार, एक तारखेला सकाळीच हातावर. बारा वर्षं शेठ सुखात होते.

मग समोरच्या शेजाऱ्याने माडीवर चार खोल्या काढल्या आणि शिकायला आलेल्या पोरांना दिल्या. खोलीला चार हजार! झालं, शेठना घास गोड लागेना. आता बघा, धंद्यात माणूस स्वतःच्या तोट्याने खचत नाही एवढा शेजाऱ्याच्या नफ्याने खचतो. गॅलरीत उभं राहून ते समोर वाळत घातलेले शर्ट मोजायचे. "आठ पोरं! लेकाचा गबर होणार."

"अहो, आपल्याला काय कमी आहे?" बायको म्हणायची.

"कमी नाही गं, पण त्याला जास्त आहे ना!"

शेवटी शेठ खाली उतरले. "मावशी, पुढल्या महिन्यापासून पंधरा हजार."

मावशींचा लाटणं धरलेला हात थांबला. "एवढं कसं जमायचं, शेठ? ताट महाग केलं तर पोरं उपाशी राहतील."

"समोर जाऊन भाव विचारा, म्हणजे कळेल."

"समोरची आठही पोरं माझ्याकडेच जेवतात की दोन्ही वेळा!"

शेठ आणखीच भडकले. "म्हणजे भाडं त्याला आणि जेवणाची सोय माझ्या घरात? महिनाअखेर जागा खाली करा!"

मावशी दोन गल्ल्या पलीकडे गेल्या. महिन्याभरात पोरांनीही खोल्या सोडल्या आणि मावशींच्या शेजारी बिऱ्हाड केलं. समोरची माडी ओस पडलेली बघून शेठनी घरात पेढे वाटले.

पण त्यांच्या खालच्या जागेलाही कोणी येईना. उरलेला पेढा तोंडात टाकत शेठनी दलालाला विचारलं, तर तो म्हणाला, "शेठ, या गल्लीत आता दोन हजारांच्या वर कोणी बोलत नाही. भाव सगळा मावशींच्या गल्लीत गेला."

तेवढ्यात समोरचा शेजारी आला. "असं का केलंत, शेठ? तुमच्या मावशींच्या पोळ्यांवर माझ्या खोल्या चालत होत्या. आणखी दहा पोरं जागा विचारत होती. तुम्हीही गच्चीवर दोन खोल्या काढा, असं सांगायला येणारच होतो मी."

शेठना तोंडातला पेढा गिळवेना.

यातून घ्यायचं ते एवढंच: शेजाऱ्याची कमाई डोळ्यांत खुपली, तर ती कशाच्या जोरावर चालली आहे ते आधी बघावं. तो जोर आपल्याच घरातला असू शकतो.